नागांची विचारपूस

बाई, काल इथल्या सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून पोहे-डाळी घेऊन गाडीत बसलो आणि पाऊस थांबेना. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "आई, यू स्टडीड रेन ना? मेक इट स्टॉप." मी तिला सांगितलं, की पूर्वी बौद्ध भिक्षू शेणाने सारवलेल्या जागेवर चार दिशांना नाग काढायचे, निळ्या पताका लावायचे, पूर्वेकडे तोंड करून सूत्र म्हणायचे आणि नागांकडे पाऊस मागायचे. "बट न्यूझीलंडमध्ये स्नेक्सच नाहीत. सो हू डू यू आस्क?" मी हसले, आणि मला पुण्यातलं तुमचं स्वयंपाकघर आठवलं.

ओट्यावर चहा उकळतोय. तुमच्याकडे शिकत होते त्या याच विधीच्या पोथीची झेरॉक्स साखरेच्या डब्याला टेकवलेली आहे आणि मी माझं भाषांतर वाचून दाखवतेय. तुम्ही गॅस बंद करता. "मधल्या चार ओळी कुठे गेल्या?" मी म्हणते, त्यात विधी नाही, नुसतं नागांचं दुःख सरो, त्यांना सुख लाभो, एवढंच आहे. "अगं, तोच विधी! नाग काय तुझे नोकर आहेत? आधी त्यांचं बरं चिंतायचं, मग पाऊस मागायचा. त्या भिक्षूंना रीत होती, तुला नाही." मग त्या ओळी तुम्ही पेन्सिलीने माझ्या वहीच्या समासात लिहून दिल्यात. चहाबरोबर चकलीही दिलीत.

पुढे इकडे यायला शिफारसपत्र हवं होतं म्हणून मी फोन केला. तुमचा आवाज पार बसला होता. 'तेव्हा लक्षात आलं नाही' असं मी डायरीत कितीदा तरी लिहिलंय. ते खरं नाही. लक्षात आलं होतं. विचारलं तर बोलणं लांबेल, म्हणून मी पत्र कधीपर्यंत हवंय तेवढं सांगितलं. चौथ्या दिवशी पत्र आलं. ते तुम्ही हॉस्पिटलच्या खाटेवर बसून लिहिलंत, हे तुम्ही गेल्यावर मैत्रिणीकडून कळलं. त्यात मला 'काटेकोर' म्हटलंय. आता इथे पेनरोजच्या गोदामात कामावर खोकी मोजताना तो शब्द मला टोचतो.

पुढच्या आठवड्यात लेकीच्या वर्गात मला या नागांबद्दल बोलायचंय. त्या चार ओळी आठवत नाहीत, आणि वही मी पुण्यातच टाकून आले. खरं सांगते, हे पत्र मी त्या ओळी मागायलाच लिहायला घेतलं. आत्ता पहिल्यापासून वाचून पाहिलं. तुम्ही कशा आहात, हे यातही मी कुठे विचारलेलं नाही.