चौदा नंबरच्या बोअरची दोरी

३ ऑक्टोबर १९९४, सोमवार
आजपासून मी कोल्टर फ्लॅट या माळावरच्या जुन्या अणुप्रकल्पावर. इथे केंद्र सरकारने चाळीस वर्षं अणुबॉम्बचा माल बनवला. आता सफाई चाललीय, आणि ती खरंच होते की नुसती कागदावर, हे बघायला राज्याच्या पर्यावरण खात्याने मला पाठवलंय. हवा कोरडी, आभाळ अफाट, खोलीच्या खिडकीतून नदी दिसते. प्रकल्पाने सोबतीला एल्डन स्ट्राउड दिलाय. एकतीस वर्षांची नोकरी, सुटलेलं पोट, थर्मासमध्ये कडूजहर कॉफी. राज्याची बाई आता आपली नखंसुद्धा तपासणार, असं त्याने पहिल्याच तासात दोनदा ऐकवलं. मला हसू आलं. जमेल आमचं.

५ ऑक्टोबर
बोअरची फेरी केली. किरणोत्सारी कचऱ्याच्या गळक्या टाक्यांभोवती, जमिनीखालचं पाणी तपासायला, वीतभर रुंदीची बावीस बोअर आहेत. प्रत्येकात दोरीला बांधलेलं स्टीलचं नळकांडं टांगलेलं असतं. ते वर ओढायचं, बाटल्या भरायच्या, परत सोडायचं. चौदा नंबर सगळ्यांत खोल, सत्तर मीटर. जुन्या गाठी सैल वाटल्या म्हणून मी सगळ्या नव्याने मारल्या.

१२ ऑक्टोबर
बाटल्यांचे प्रयोगशाळेतले निकाल आले. आजूबाजूची सगळी बोअर खराब आणि चौदा नंबर नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. टाकी तिथून शंभर पावलांवर. शिवाय नळकांड्याची गाठ माझी नव्हती. एल्डन म्हणाला, "इथला वारा गाठीही मारतो, मॅडम." मला पटलं नाही. कुणीतरी पाणी बदलतंय.

१३ ऑक्टोबर
माझ्या साहेब मिसेस ऑगडेनना राजधानीत फोन केला. महिनाअखेर अहवालावर माझी सही हवी म्हणाल्या. चौदा नंबर स्वच्छ ठरलं की खालच्या गावाची नवी पाणीयोजना नदीवर सुरू होणार. अकरा हजार माणसं. दुपारी चौदा नंबरच्या झाकणाला राज्याचं कुलूप लावलं, शिशाचं सील ठोकलं. किल्ली माझ्या गळ्यात.

१९ ऑक्टोबर
सील शाबूत. कुलूप शाबूत. मी स्वतः भिंगातून पाहिलं.
गाठ पुन्हा वेगळी. तीन वेढे, करकचून आवळलेले. हातातल्या मीटरवर पाणी स्वच्छ.
एल्डनने आज थट्टा केली नाही.

२० ऑक्टोबर
जेवताना त्याला सरळ विचारलं, तुमच्यापैकी कोण करतं हे. त्याने सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाला, "वरून कुणी येत नाही, पोरी. सहा वर्षं बघतोय मी. आपल्याला हवं तसंच पाणी खालून भरून येतं." तक्रार का केली नाही, असं विचारलं. कुणाकडे करायची होती, म्हणाला.
त्याच्यावर माझा विश्वास नाही. ठेवावासाही वाटत नाही.

२१ ऑक्टोबर
चौदा नंबरमधून नळकांडं आणि दोरी दोन्ही काढून घेतली. बोअर रिकामं. सील ठोकलं. आता बघू.

२६ ऑक्टोबर, सकाळी दहा
सील शाबूत होतं.
आत दोरी आहे. माझी नाही, माझी खोलीत पडलीय. काळी, ओली, वरच्या आकड्याला बांधलेली. तीन वेढे.

दहा वीस
मी ओढली. खालून दोनदा हिसका आला. हलकाच. माणूस खूण करतो तसा.
एल्डनने मला मागे ढकललं, गाडीत बस म्हणाला. मी आत बसून लिहितेय. गाडीतल्या वायरलेसवर कोणी उत्तर देत नाही. गाडीची किल्ली त्याच्या खिशात—

दहा तीस
दोरी वर येतेय. ओढत कुणी नाही. एल्डन लांब उभा आहे, हात खाली, आणि ती आपोआप बाहेर येऊन वेटोळं घालतेय. सत्तर मीटर कधीच झाली— शंभर— अजून येतेच आहे—
सही करू नकोस, असं तो ओरडून सांगतोय. तेवढंच कळतंय—
झाकण आपटून त्यावर उभा राहिला तो. सगळं वजन टाकून. थांबली.

थांबली.

तेरा नंबरचं झाकण हलतंय. बाराचं पण. एल्डनला दिसत नाही, त्याची पाठ— मी काच ठोकतेय, तो वळत ना