वरून दिसलेलं उधना

बाई, गेल्या रविवारी आम्ही घरातले चौघं आपलंच सुरत वरून बघून आलो. शहरात एक नवी उंच इमारत झालीय, तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर काचेची गॅलरी आहे. लेक दहावी पास झाली, तिचा हट्ट होता. लिफ्टमध्ये सगळ्यांच्या कानांना दडे बसले. दार उघडलं तशा सासूबाई मागच्या भिंतीला पाठ टेकून खालीच बसल्या. "मी नही येवाव तठे. तुम्ही देखा," म्हणाल्या. मी काचेपाशी गेले, आणि मला काही ओळखूच येईना. जिकडेतिकडे पत्रे, पाण्याच्या टाक्या, गच्च्या. लेक विचारतेय, "मम्मी, तुझं लहानपणचं घर कुठे?" आणि सगळा जन्म इथे काढलेली मी एकेक पत्रा न्याहाळतेय. तेव्हा तुम्ही आठवलात.

चौथीचा वर्ग. आपल्या गावाचा नकाशा काढून आणा, असं तुम्ही सांगितलेलं. मी खानदेशातलं आजोबांचं गाव काढलं होतं, नदी, मारुतीचं देऊळ, केळीची शेतं, हिरवा खडू संपेपर्यंत. तुम्ही वही हातात धरून विचारता, "इथे किती दिवस राहतेस तू?"

"मे महिन्यात. महिनाभर."

"आणि बाकीचे अकरा महिने कुठे असतेस?"

वर्ग हसतो. मी खाली मान घालून म्हणते, "उधन्याला. पण ते गाव नाहीये बाई. तिथे नुसते कारखाने आहेत." तुम्ही हसला नाहीत, रागावलातही नाहीत. वही मिटून माझ्या हातात दिलीत, तेच मला जास्त लागलं. संध्याकाळी शाळा सुटल्यावर म्हणालात, "चल, तुझ्या घरी जाऊ. मला रस्ता माहीत नाही, तूच ने." प्रत्येक वळणावर तुम्ही थांबायचात, "आता कुठे?" पिठाच्या गिरणीपासून डावीकडे, मी सांगायचे. आता लूमचा खडखडाट ऐकू येईल, तिथून सरळ. घरी आईची धांदल उडाली, तिने एकुलती खुर्ची पदराने पुसली. चहा पिऊन तुम्ही तिला म्हणालात, "हुशार आहे पोरगी. फक्त खाली बघून चालते." पुढे महिनाभर एकेका मुलाच्या घरी तुम्ही अशाच जात राहिलात.

त्या रविवारी काचेपाशी मी तसंच केलं, एकेक वळण धरून. आधी स्टेशन शोधलं, मग काचेवर बोट ठेवून रूळ धरून निघाले. "हे उधना. इथे रूळ फुटतात बघ, एक मुंबईकडे जातो, एक आपल्या जळगावकडे. त्याच्या अलीकडे ते निळे पत्रे आहेत ना, त्यांच्या मागे आमची खोली होती."

"आ तो आपणी बाजुमांज छे!" लेक ओरडली. खरंच, अगदी शेजारीच; आता आम्ही गोडादऱ्याला राहतो, काचेवर ते अंतर चार बोटांचंही नव्हतं.

मागून सासूबाईंनी विचारलं, "कोणता रूळ? आपला गावले जास तो?"

"हो, तोच."

त्या उठल्या. माझा खांदा घट्ट धरून, डोळे मिटून काचेपर्यंत आल्या आणि मग उघडले. नेमकी एक गाडी त्या रुळावरून सरकत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत त्या हलल्या नाहीत, आणि नंतर तर कुणी निघा म्हटलं तरी ऐकेनात. आपल्या लेकाला, म्हणजे आमच्या ह्यांना, म्हणाल्या, आता आपलं घर दाखव. त्यांनी दाखवलं, पण चुकीचं, त्यावरून मायलेकरांची हुज्जत झाली. खाली उतरून आम्ही लोचो खाल्ला. किती दिवसांनी सगळे एकदम बोलत होतो.

घरी येताना मी तुमची ती नकाशाची गोष्ट सांगितली, तेव्हा लेकीने विचारलं, "तुझ्या बाई कुठे राहायच्या गं?"

बाई, हे पत्र वाचायला तुम्ही नाही, हे मला कळतं. पण तुम्ही असता, तरी पाकिटावर मी पत्ता काय लिहिला असता? वर्गातल्या प्रत्येकाची वाट तुम्ही विचारलीत, आमच्याकडचा चहा प्यायलात. त्या शाळेतल्या चार वर्षांत मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. शाळेच्या फाटकातून तुम्ही उजवीकडे वळायचात, एवढंच मला माहीत आहे.