चढावरची खडखड

दादा,

पत्ता न ठेवता गेलास, गाडी मात्र ठेवून गेलास. आज अंगणात तिच्या इंजिनाचं टायमिंग लावलं. टायमिंग लाइट धरून, खुणेला खूण जुळवून, पुस्तकात दिलंय तसं. तू नुसत्या कानाने लावायचास आणि दर वेळी जरा पुढेच ठेवायचास, ठिणगी वेळेआधी पडायची, म्हणून घराजवळच्या चढावर इंजिन खडखडायचं. आज गाडी गुपचूप चढली. आईने दार उघडून विचारलं, "कोण आलंय?"

मग ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर सैल करून तू खुणेसाठी मारलेल्या जुन्या ओरखड्यावर फिरवला आणि पुन्हा एक फेरी मारली; चढावर तीच खडखड. आत गेले तर चहा उकळत होता आणि ओट्यावर दोनाऐवजी तीन कप होते.

तुझा चहा मीच प्यायले. अजून त्यात तीन चमचे साखर घालते आई.

तुझ्या हातात पाने-पक्कड देणारी,
धाकटी