बोरमाळ उपकेंद्रातील तेलाच्या तापमानाच्या खोट्या नोंदी व नियंत्रण कक्षातील कु. हर्षा तायडे यांची निर्दोषता

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
वऱ्हाड विद्युत मंडळ,
विभागीय कार्यालय, अमरावती.

विषय : माझ्यावरील कारवाई कायम ठेवून कु. हर्षा तायडे यांना दिलेली नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस, दि. ६ मे २०२५.
२) कु. तायडे यांना मिळालेली तशीच नोटीस, दि. ९ मे २०२५.

महोदय,

मी गोपाल पंजाबराव भुयार, यंत्रचालक, ३३/११ केव्ही बोरमाळ उपकेंद्र, ता. नांदगाव खंडेश्वर, आपणांस लेखी कळवितो की, एप्रिल महिन्यात मी ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे तापमान अकरा वेळा चुकीचे नोंदविले, हा आरोप मला मान्य आहे. मात्र अशा नोंदी अकरा नसून बारा आहेत. एक आपल्या कार्यालयाच्या नजरेतून सुटली आहे, ती दि. १९ ची.

नोटिशीत 'दृष्टिदोष अथवा निष्काळजीपणा' असे म्हटले आहे. दोन्ही नाही. एकोणीस वर्षे मी तापमापकाचा हा काटा वाचत आहे. दुपारी उन्हाने आणि भाराने तेल तापते, फुगते, वरच्या टाकीत चढते आणि आतली हवा बाहेर पडते. सांजेला तेल निवते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेतला ओलावा अडविण्यासाठी खाली काचेच्या डब्यात निळे खडे असतात, ओलावा पिऊन ते गुलाबी होतात. म्हणजे यंत्रालासुद्धा मंडळाने श्वास घेण्याची सोय करून दिली आहे, आणि खडे बदलले की नाही याची चौकशी दरमहा होते. माझी चौकशी करण्याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही, ही तक्रार नाही, फक्त वस्तुस्थिती आहे.

पूर्वी दर तासाला मोठ्या उपकेंद्रातून श्री. धम्मदीप गवई यांचा फोन येत असे. मी आकडा सांगायचा, त्यांनी तोच परत म्हणायचा, मी 'बरोबर' म्हणायचे, असा नियम होता. आकडा झाला की ते "जेवले का गोपालभाऊ?" असे विचारीत. हे नियमात नव्हते, पण पंधरा वर्षांत कधी चुकले नाही. आम्ही एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. ते निवृत्त झाले, त्याच वर्षी यंत्रणा स्वयंचलित झाली, आकडे आपोआप अकोल्याच्या नियंत्रण कक्षात जाऊ लागले आणि फोन बंद झाला. जोडीचा मदतनीसही कमी केला. माझी पत्नी रमा त्याआधीच वारली होती. मुलगा यशोधन पुण्याला असतो, तो बिचारा रविवारी फोन करतो. बाकी सहा दिवस माझ्याशी बोलणारा तो ट्रान्सफॉर्मर, आणि त्याचेही एकच गुणगुणणे.

मार्च महिन्यात एकदा काटा खरोखर अडकला. पडताळणीसाठी मी काटा वाचून मोबाइलवर भरलेला आकडा आणि अकोल्याच्या पडद्यावरचा आकडा यांत फरक पडला. असा फरक पाच अंशांपेक्षा जास्त असल्यास कक्षाने फोन करून, आकडे जुळेपर्यंत पुन्हा वाचून घ्यावेत, असा मंडळाचा नियम आहे. त्याप्रमाणे कु. हर्षा तायडे यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "काका, इथं एकसष्ट दिसून राह्यलं, तुमी पन्नास लिवलं. जवळ जाऊन पाहा बरं." मी गेलो, काट्याच्या डबीवर टिचकी मारली, काटा हलला, आकडा सांगितला, त्यांनी तो परत म्हटला. महोदय, दोन वर्षांनी माझा आकडा कुणीतरी परत म्हटला. मी यार्डातल्या गिट्टीवर तसाच उभा राहिलो.

त्यानंतर एप्रिलमध्ये मी अधूनमधून दहा अंश वाढवून लिहू लागलो. जाणूनबुजून लिहिले, हे येथे कबूल करतो. ऐंशी अंशांना काही गावांची वीज तोडून भार कमी करावा लागतो, म्हणून खोटा आकडासुद्धा बहात्तरच्या वर जाऊ दिला नाही. माझ्या खोट्यापायी एकाही गावाची लाईट गेली नाही आणि एकाही मळ्यातली पाण्याची मोटार बंद पडली नाही. खोट्यालाही शिस्त असावी लागते.

कु. तायडे यांनी दर वेळी नियमानुसार फोन केला. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या." आठव्या वेळी त्यांनी फक्त आकडा हळूहळू म्हटला. त्यांना कळले असावे. नोटीस मिळाल्यापासून मी खरे लिहू लागलो. दि. ७ रोजी आकडे जुळले, तरी दुपारी दोनला फोन वाजला. "काका, आज तं जुळलं. तुमी बरे आहा ना? जेवले का?" हा फोन विनाकारण व नियमबाह्य ठरवून त्यांना नोटीस दिली गेली, असे समजले. हे मात्र मला सहन होत नाही.

तरी माझी मागणी अशी. माझी वेतनवाढ रोखावी, बदली अचलपूरपलीकडे कुठेही करावी, फोनही काढून न्यावा. परंतु त्या मुलीच्या सेवापुस्तकात लाल शेरा मारू नये. त्या फोनला कारण होते. कारण मी होतो. तेवढे कारण नियमात बसत नसेल, तर नियमात एक ओळ वाढविण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

उत्तराची वाट पाहणारा, आपल्या अखत्यारीतला,

(सही)
गोपाल पंजाबराव भुयार
बोरमाळ, दि. १४ मे २०२५

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) बारा खोट्या नोंदींची यादी, खऱ्या आकड्यांसह. ३) नेत्रतपासणीचा दाखला, दोन्ही डोळे उत्तम.

ता. क. : आज दुपारी दोनचा आकडा एकसष्ट. खरा लिहिला आहे. आता साडेतीन वाजले. फोन आला नाही.