लाल रंगाची जाळी

२० नोव्हेंबर

ड्रम मिळाला! डांबराचा नव्हे, तेलाचा. डांबराचा घेतला असता तर जन्मभर वांग्यांना रस्त्याचा वास आला असता. सलीमभाईच्या वर्कशॉपात उभा कापायचा की आडवा, यावर तासभर खल. उभा कापला तर नुसती मोठी बादली होते. आडवा कापला की निखारे लांब पसरतात, घाणाभर वांगी एकदम भाजून निघतात. आडवाच ठरला. ऑफिसात कालव्यांचे नकाशे काढतो तसाच शेगडीचा काढून नेला, ट्रेसिंग पेपरवर, मापांसकट. पेपर सरकारी. असो.

शोभा म्हणे, "घरात गॅस आला. आता शेगड्या कमी व्हायच्या की वाढायच्या?" मागच्या अंगणात आधीच पाचोऱ्याच्या बाजारातली बिडाची शेगडी, एक भुशाची, आणि ती मातीची, पावसाने निम्मी विरघळलेली. टाकवत नाही, काय करू? "लोक टेप जमवतात, तिकिटं जमवतात. तुम्ही धूर जमवा." बोलू दे. भरीत खाताना गप्प बसते बरोबर.

२४ नोव्हेंबर, रविवार

उद्घाटन झालं. ऑफिसातला बोरसे आला होता, कोंबडी त्याचीच. मसाला लावून सरळ निखाऱ्यावर. बोरसे बोटं चाटत म्हणाला, "हॉटेल काढ, मी राजीनामा देतो."

शोभाची अट जुनीच: मागच्या अंगणात, वेगळी भांडी, हात-तोंड धुऊन मग घरात. ती स्वतः शिवत नाही. म्हणून जाळ्या दोन करून घेतल्या, एकाच मापाच्या. कोंबडीच्या जाळीच्या मुठीला लाल ऑइलपेंट मारला. वांग्यांची तशीच कोरी. सलीमभाईला दोन जाळ्या कशाला ते कळेना, पण शोभाला कळलं. पहिल्यांदाच माझ्या एखाद्या शेगडीला ती चांगली म्हणाली.

२९ नोव्हेंबर

शोभाचा भाऊ दिलीप धुळ्याहून आला होता. निरोप: यंदा चंपाषष्ठीला नाना आपल्याकडे येणार. नाना म्हणजे माझे सासरे. सोनगीरजवळ शेती. गळ्यात तुळशीची माळ, तीही नावापुरती नाही. ज्या घरात मांस शिजतं त्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. आमच्याकडे घेतात ते केवळ शोभाने शब्द दिलाय म्हणून: "नाना, जे काय होतं ते मागे, अंगणात. घर स्वच्छ आहे, भांडी वेगळी आहेत." त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं होतं आणि तांब्या उचलला होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची गोष्ट. तेव्हापासून येतात.

माझ्याशी मात्र बोलणं बेताचं. पाहुण्यांत माझी ओळख करून देतात ती "शेगडीवाला जवाई" अशी. लोक हसतात, मीही हसतो. लागतं ते मनाला, न लागायला मी काय दगड आहे?

चातुर्मासात नाना वांगं खात नाहीत. तो नेम चंपाषष्ठीला सोडतात. म्हणजे यंदाचं पहिलं वांगं माझ्या शेगडीवरचं! बघू म्हणावं कोण शेगडीवाला.

८ डिसेंबर, रविवार

पुन्हा बोरसे, पुन्हा कोंबडी. जाळ जास्त झाला. मुठीचा लाल रंग फुगून फुगून जळून गेला. ऑइलपेंट आगीत टिकत नाही हे ड्राफ्ट्समनला आधी कळायला नको? पुन्हा मारायला हवा. जाळी राखेने घासून शेवग्याला टांगली, दुसरीच्या शेजारी.

१० डिसेंबर

वांग्यांसाठी रावेरला जाऊन आलो. हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक हातात मावत नाही असं. देठाला काटे. कपाशीच्या काड्या दिलीप आणतोय गाडीवर. रंग आणायचा राहिला.

चंपाषष्ठी

भरीत झालं. नानांनी दोनदा मागून घेतलं. सगळे खूश.

लिहवत नाही.

१३ डिसेंबर

काल लिहिलं ते खोटं नाही. पण लिहिलं नाही ते लिहिल्याशिवाय बरं वाटणार नाही.

सकाळी शेवग्याखाली गेलो तर दोन्ही जाळ्या सारख्याच काळ्या. एकीच्याही मुठीला रंग नाही. पंधरा दिवसांत वांग्यांची जाळीही धुराने तशीच झालेली. उलटून पाहिल्या, वास घेऊन पाहिला, दोन्हीला राखेचाच वास. मागे दिलीप काड्या रचत होता, शोभा तेल लावलेली वांगी घेऊन उभी, आणि नाना चक्क माझ्या शेगडीभोवती फिरत होते. वाकून पाहिलं. ड्रमवर टिचकी मारली. म्हणाले, "हाई तुमनी अक्कल शे?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "बेस शे."

माझ्याबद्दल आजवर नानांच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द. त्या शब्दाने माझी मती गेली. दोन्हींतली एक उचलली आणि शेगडीवर ठेवली.

वांगी चढवली. थोड्या वेळाने चटचट आवाज आला आणि तो वास आला. वांग्याचा नव्हे. मला पक्का ठाऊक असलेला. गजांच्या जोडात कातडीचा एक करपलेला तुकडा चिकटलेला होता. मी तो पाहिला. चिमट्याने उडवून निखाऱ्यात टाकला. नाना माझ्या शेजारी उभे होते, त्यांना काय कळणार, त्यांनी तो वास ओळखावा असं आयुष्यच काढलं नाही.

तेव्हा थांबता आलं असतं. "थांबा, जाळी चुकली," एवढंच. वांगी फेकली असती, दुसरी भाजली असती, शोभा चिडली असती, नाना कदाचित हसलेही असते. मी वांगी उलटत राहिलो. चांगली भाजून काढली. शोभाने सोलून लाकडी बडगीत ठेचली, कांद्याची पात, मिरच्या, शेंगदाणे. आधी खंडोबाचा नैवेद्य. मग नाना.

"माले अजून वाढ, पोरी," म्हणाले. "धूरनी चव भलती गोड शे."

शोभाने माझ्याकडे बघून हसून घेतलं. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मी भाकरीचे नुसते तुकडे मोडत बसलो. शी! माणूस आहे का मी?

१५ डिसेंबर

दोन्ही जाळ्या जाळात लाल होईपर्यंत ठेवल्या. आता काय उपयोग. एकीच्या मुठीवर छिन्नीने खाच मारली, मिनिटाचं काम. महिनाभर आधी सुचलं असतं तर.

बोरसेला सांगितलं. तो हसत सुटला. "अरे, माहीत नाही त्याला दोष नाही. म्हाताऱ्याचं काय बिघडलं?" त्यांचं नाही बिघडलं रे बाबा. मला माहीत होतं ना.

१९ डिसेंबर

दिलीप पुन्हा आला. गावात सप्ताह बसलाय. शेवटच्या दिवशी गावजेवण, आणि नानांनी पारावर बसून जाहीर केलंय की यंदा भरीत जवाईबापू भाजतील, त्यांच्या शेगडीवर. शेगडी ट्रॅक्टरवर न्यायची. दिलीपने नानांची नक्कल करून दाखवली: "मना जवाईना हातनं भरीत खाई देखा, मंग बोला."

मना जवाई. शेगडीवाला नाही.

शोभा स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? अख्खं माळकरी गाव त्या ड्रमभोवती पंगतीला बसणार.

२१ डिसेंबर

सलीमभाईकडून नवी जाळी करून घेतली, मोठी, जाड गजांची. ड्रमला आतून गेरू लावला. म्हणजे भरीत चोख होईल, गावाला काही बाधणार नाही. आणि नानांच्या वेळी झालं ते माझ्या पोटातच राहील. असा हिशेब करत करत सायकलवरून घरी आलो. कुणी हाक मारली असती तरी वर बघितलं नसतं.

२२ डिसेंबर

फुटलं.

नवी जाळी बघून शोभा म्हणाली, "ही कशाला? नानांना ती आवडली. तीच न्या." मी म्हटलं, नवी बरी. ती म्हणाली, "अहो, एवढी चांगली आहे की ती." मी ओरडलो, "एकदा सांगितलं ना, ती नाही न्यायची!"

इतकं ओरडण्यासारखं काय होतं? तिने जाळीकडे पाहिलं, शेवग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातातलं फडकं खाली ठेवलं.

"त्या दिवशी कोणती होती?"

मी नवी जाळी उगाच भिंतीला टेकवली.

"तुम्हाला कधी कळलं? नंतर की आधी?"

म्हटलं, "भाजताना."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी वाढलं त्यांना," एवढंच म्हणाली. "माझ्या हाताने वाढलं." आणि आत गेली.

२३ डिसेंबर

घरात कुणी मेल्यासारखं. भाकरी टोपलीत, भाजी झाकलेली, बोलणं बंद.

संध्याकाळी तिने पिशवी भरली. म्हणाली, "सकाळच्या धुळे गाडीने जाते. सप्ताह संपायच्या आत नानांना सांगायला हवं. माळ आहे त्यांच्या गळ्यात, त्यांना काही करायचं असेल ते करू देत." मी म्हटलं, मी येतो. म्हटलं खरं, पण कसं? "ऑफिसात तपासणी आहे, बघतो, जमलं तर..." असं.

ती म्हणाली, "राहू द्या."

मी राहू दिलं.

२४ डिसेंबर

स्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा. चढता आलं असतं. तपासणी कसली, बोरसे दुपारभर पत्ते खेळत होता.

२७ डिसेंबर

शोभा परत आली. चेहरा ओढलेला. चहा करून दिला तर घेतला.

मी विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. उठून विहिरीवर गेले, डोक्यावरून अंघोळ केली. दोन दिवस जेवले नाहीत. गावाला सांगितलं, शेगडी बिघडली. भरीत नेहमीसारखं काड्यांवर भाजलं."

मग म्हणाली, "मी सांगितलं, जाळी मी काढून दिली. गडबडीत चुकून."

मला आधी कळेचना. म्हटलं, "तू? तू का म्हणून?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर त्यांनी या दारात पुन्हा पाऊल टाकलं नसतं. मी लेक आहे. माझं चुकलं म्हटल्यावर कदाचित येतील."

आणि लाज वाटायची ती वाटलीच, पण त्याआधी, अगदी आधी, मला सुटल्यासारखं वाटलं. हे कुणाला सांगणार? इथे लिहून ठेवतो. हायसं वाटलं मला. थू!

३० डिसेंबर

ड्रम सलीमभाईकडे परत नेऊन टाकला. तो म्हणे, "एवढी मस्त चीज!" सांगितलं, धूर होतो. मातीची शेगडी फोडली. बिडाची आणि भुशाची बोरसेला दिली. अंगण मोकळं दिसतं. शोभा मागे आली, पाहिलं, म्हणाली, "शेगड्यांनी काय केलं होतं?"

खरंच की.

५ जानेवारी

नाना आलेत.

डोळे दाखवायला जळगावला यायचं होतंच. दिलीप त्यांना सोडून दवाखान्यात नंबर लावायला गेला. मी आतल्या खोलीत दाढी करत होतो. आवाज आला, तसाच अर्ध्या साबणाने थांबलो. काय करावं सुचेना म्हणून वही ओढली.

आत आले नाहीत. ओट्यावर बसलेत, खिडकीतून पाठ दिसते, पागोटं दिसतं. शोभाने पाण्याचा तांब्या समोर ठेवला. नेहमी तांब्या टेकायच्या आत उचलतात. आज ठेवलाय तसाच आहे.

नाना बोलतायत. हळू, पण ऐकू येतंय.

"पोरी, तू सहा वरीसनी व्हतीस तैपासून मनं ताट तूच वाढस. तुना हात असा चुकत नही."

शोभा उंबऱ्यातच उभी.

"खरं सांग. तूच दिन्ही व्हती का जाळी?"

ती गप्प. खोटं एकदा बोलली, बापाच्या तोंडावर दुसऱ्यांदा बोलवत नसेल. खरं बोलली तर मी. तिने खिडकीकडे बघितल्यासारखं वाटलं मला. नक्की नाही.

जायला हवं. आत्ता, ती तोंड उघडायच्या आत. साबण पुसला. सदरा घातला. चप्पल सापडत नाहीये. पलंगाखाली पाहिलं, दाराआड पाहिलं.

तांब्या तसाच आहे.

ओट्यावर जायला चप्पल कशाला लागते?