पोपच्या बाजूला उभे राहणारे मामा

मामा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी तुमच्यावर वैतागलोय. इथे दुबईत आमच्या चर्चमधल्या मोठ्या सणांच्या मिस्सा मी सांभाळतो. बिशपनी कधी उठायचं, त्यांच्या डोक्यावर ती उंच टोपी कधी ठेवायची, धूपदाणी कोणी आणायची, सगळं बाजूला उभं राहून बघायचं. पोटापाण्याला हमरिया फ्री झोनमधलं शिपिंगचं ऑफिस आहे, हा वरचा ताप फुकटचा. कमिटीनं मला धरलं ते केवळ तुमचा भाचा म्हणून. "जिसका मामा पोप की मिस्सा चलाता था, उसको क्या मुश्किल है भाई?" झालं! हो-नाही म्हणायला जागाच नाही.

लहानपणी नाताळच्या दिवशी वसईच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसायचे. इतरांचे मामा घरी खाऊ घेऊन यायचे, आमचा मामा टीव्हीवर पोपच्या पुस्तकाचं पान उलटायचा. पडद्यावर नुसती बाही दिसली तरी आई ओरडायची, "तो बघ, तो बघ हात!" सेमिनरीतून रोमला शिकायला गेलात, आधी तिथे पुस्तकं-मेणबत्त्या सांभाळल्यात, मग पोपच्या सगळ्या विधींचे प्रमुख झालात, आर्चबिशप झालात. सुट्टीवर आलात की आई वडे तळत असायची आणि तुम्ही तिथेच स्टुलावर बसून मला शिकवायचात, "विधी चालवणारा माणूस दिसता कामा नये. तो दिसला म्हणजे काहीतरी चुकलं." अहो, वडा थंड होतोय, तो खा की आधी!

आणि आजीचं काय केलंत? तुमची सख्खी आई लाल लुगडं नेसून रोमपर्यंत आली. मिस्सेत पोपच्या हातात अर्पणाची भाकर द्यायला एक बाई कमी पडत होती, तुमच्याच ऑफिसातल्या कोणीतरी तिचं नाव सुचवलं. तुम्ही म्हणालात, "माझी आई आहे, म्हणूनच नको." म्हातारी कठड्यामागे बसून परत आली आणि मरेपर्यंत गावाला सांगत राहिली, माझा लेक शिस्तीचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हाही चीड आली होती, आजही येते.

आता माझी आई. आमच्याकडे अल बर्शाला राहत होती, आता कायमची वसईला निघाली. गुडघे गेलेत, व्हीलचेअर आहे, परत इकडे येणं काही व्हायचं नाही. जाण्याआधी बिशपची मिस्सा होती आणि तिची एकच इच्छा, अर्पणाची वाटी आपल्या हातानं द्यायची. आमच्याकडे प्रत्येक भाषेच्या गटातून एकच माणूस जातो. मराठी आम्ही मूठभर, म्हणून यंदा कोकणीवाले आणि आम्ही मिळून एकच नंबर, आणि तो त्यांच्याकडे. त्यांचा माणूस स्वतःहून म्हणाला, "हबीबी, आंटी को देता हूं ना, खलास!" आणि मी काय म्हणालो असेन? "नको. आज माझी आई, उद्या सगळ्यांच्या आया." लेक घरी येऊन भडकली, "पापा, सीरियसली? शी इज लीव्हिंग ऑन ट्यूजडे!" आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अगदी मामावर गेलास हो." मला रात्रभर ते लागून राहिलं.

मिस्सेच्या दिवशी ती लुगडं नेसून कडेला बसली. अर्पणाची रांग निघाली. बिशप खुर्चीत बसले, मी टोपी ठेवावी म्हणून त्यांनी मान किंचित पुढे केली. तेवढ्यात मला आई दिसली. हात मांडीवर, रिकामे, बघतेय रांगेकडे. मामा, मी ती टोपी शेजारच्या सेवकाच्या हातात कोंबली आणि भर विधीत बिशपना सोडून खाली उतरलो. तुमच्या हिशेबी याहून मोठं पाप नाही. कोकणीवाल्यानं न विचारताच वाटी पुढे केली. ती आईच्या हातात दिली आणि खुर्ची ढकलत निघालो. सगळं चर्च बघतंय. सेवक टोपी धरून पुतळ्यासारखा उभा. शेवटी बिशपनी स्वतःच ती घेऊन डोक्यावर ठेवली, वाकडी.

आईनं वाटी दिली आणि बिशपचा हात काही सोडेना. त्या परदेशी माणसाला शुद्ध मराठीत सांगायला लागली, "माझा भाऊ पोपजवळ उभा राहायचा. हा माझा मुलगा. हा माझ्याजवळ उभा राहतो."

बिशपनी माझ्याकडे पाहून विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, थँक यू म्हणाली. घरी ज्यांनी विचारलं त्यांनाही तेच सांगितलं. तिचं बोलणं जसंच्या तसं फक्त इथे लिहितोय, आणि हे काही कोणाला पाठवायचं नाही. पण एक सांगून टाकतो. डोळ्यांत पाणी होतं, तरी त्या क्षणी मनात आलं ते हेच, की आई, निदान आज तरी आधी माझं सांगायचं होतंस.