लाल खूण आणि हिचा रिपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ

हिचा रक्ताचा रिपोर्ट आज कम्प्युटरवर येणार होता. उघडायला गेलो तर लाल खूण आली. खाली लिहिले होते, तुमचे कनेक्शन खाजगी नाही, कोणी माहिती चोरत असेल. हिच्या रक्ताची माहिती कोण चोरणार? तरी जीव घाबरला. वायफायचा डबा दोनदा बंद करून चालू केला. पुन्हा लाल खूण. हिने तर काळजीने सकाळपासून काही खाल्ले नव्हते.

सून शाळेत शिकवून घरी आली. तिने स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. "मामाजी, घड्याळ कायले छेडलं जी? वर्षच पुढं गेलं."

सडक अर्जुनीची एसटी चुकू नये म्हणून आमच्या घरातली सगळी घड्याळे दहा मिनिटे पुढे असतात. काल कम्प्युटरचेही तसेच केले. वर्ष कधी सरकले? आणि तारीख चुकली तर लाल खूण का? सून म्हणाली, कम्प्युटरला लॅबच्या साइटच्या खरेपणाच्या दाखल्याची मुदत संपली असे वाटते. मला नीट समजले नाही.

तारीख सुधारताच रिपोर्ट उघडला. "सगळं ठीक हाय," सून म्हणाली.

हिने माझ्याकडे पाहिलेच नाही. सुनेला म्हणाली, "वाढ वं बाई, भूक लागून राहिली."